दोनशे चौदावी ओळ

सकाळी सव्वादहाला त्याने कोडची कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड दिली आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत त्याचंच नाव आलं. सहाशे चाळीस ओळी. प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला त्याचं नाव, तीच तारीख, तीच वेळ, सेकंदापर्यंत. चार महिन्यांपूर्वीचा मंगळवार, दुपारी तीन वाजून सात मिनिटं. जणू त्या मंगळवारी तो जेवून आला, खुर्चीत बसला आणि अकरा माणसांनी नऊ वर्षांत लिहिलेलं काम त्याने एका सेकंदात लिहून टाकलं. शेजारी उभ्या असलेल्या मॅनेजरने चष्मा वर सरकवला आणि दोनशे चौदाव्या ओळीवर बोट टेकवलं. पडद्यावर बोटाचा तेलकट ठसा उमटला. "काका, ही तुमचीच की," तो म्हणाला. आवाजात आरोप नव्हता. हरवलेली छत्री सापडल्यावर माणूस बोलतो तसा तो आवाज होता, आणि नेमकी त्याचीच त्याला चीड आली.

"नाव माझं आहे. ओळ माझी नाही."

"आता हे मी हॉस्पिटलला कसं सांगू, तुम्हीच सांगा."

हॉस्पिटलने तीनच प्रश्न विचारले होते. कोणी लिहिलं, कोणी तपासलं, कधी. त्यांच्याकडे एका म्हाताऱ्या बाईचं रक्त दोनदा तपासायला गेलं होतं, आणि प्रयोगशाळेच्या अहवालाचा जो प्रोग्राम या ऑफिसात लिहिला जात असे त्याने दुसऱ्या तपासणीऐवजी पहिलीच पुन्हा छापली. दुसऱ्या नमुन्यावर वेळ टाकायची राहिली होती. रिकामी वेळ म्हणजे सर्वांत जुनी वेळ, असं दोनशे चौदाव्या ओळीने धरलं आणि नव्या अहवालाला मागे ढकललं. बाईला नको ते औषध दिलं गेलं. ती दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. आता बरी होती, बोलत होती, आणि तिचा जावई वकील होता. उत्तर संध्याकाळी पाचला जायचं होतं. "तोवर तुमच्याकडे वेगळं काही सापडलं तर बघू," मॅनेजर म्हणाला. "नाहीतर जे दिसतंय ते जाईल. टेन्शन घेऊ नका, काका." काका. चौतिसाव्या वर्षी मॅनेजर झालेल्या या माणसाने पहिल्याच आठवड्यात त्याला काका म्हणायला सुरुवात केली होती, आणि मग सगळा मजला म्हणू लागला होता. बावन्नाव्या वर्षी त्याला घरात काका म्हणणारं कोणी नव्हतं. इथे चाळीस होते.

त्याला नीट माहीत होतं की हे कसं झालं, कारण ते त्यानेच केलं होतं. प्रोग्रामचा सगळा कोड आधी एकाच मोठ्या भांडारात असे, आणि त्या भांडारात नुसता कोड नसे. प्रत्येक बदलाबरोबर तो कोणी केला, कधी केला आणि का केला हेही असे. दोन वर्षांपूर्वी वरून फर्मान आलं की अहवालाचा भाग वेगळा काढा, दुसऱ्या टीमला द्यायचा आहे. त्याने त्यासाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. ती मोठ्या भांडारातला एकेक बदल जुन्यापासून नव्यापर्यंत उचलायची, त्यातला अहवालापुरता भाग कापायची आणि नव्या भांडारात मूळ माणसाच्या नावाने, मूळ तारखेने पुन्हा मांडायची. उलटं चालवलं तर दोन्ही तुकडे परत जोडायची. फाइलचं नाव त्याने ठेवलं होतं तोडजोड. दीडशे ओळींची ती स्क्रिप्ट त्याने तीन आठवडे घासली होती. नावातली जोडाक्षरं तुटू नयेत, दोन माणसांनी एकाच मिनिटाला केलेले बदल उलटेसुलटे होऊ नयेत, मध्येच वीज गेली तर जिथे थांबली तिथूनच पुढे जावी. वरच्या मंडळींनी तोडायला सांगितलं, दीड महिन्याने जोडायला सांगितलं, मग पुन्हा तोडायला. दर वेळी चाळीस मिनिटं. चार महिन्यांपूर्वी मॅनेजर खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "काका, इतिहास कोणाला हवाय? कोड हवाय. वीस सेकंदांत होईल असं करा ना." त्याने वाद घातला. दोन मेल लिहिले, त्यातला दुसरा जरा लांब झाला. उत्तरात एक हसरा चेहरा आला. तेव्हा त्याने रागाच्या भरात, आणि तितक्याच नेटकेपणाने, स्क्रिप्टमधल्या एकशे दहा ओळी काढून टाकल्या. उरलेल्या चाळीस ओळी फक्त आज काय आहे ते उचलत आणि जो चालवेल त्याच्या नावाने एका गठ्ठ्यात ठेवत. चालवली त्यानेच. अठरा सेकंद लागले. घ्या, असं तो मनात म्हणाला होता. तीस दिवसांनी नियमाप्रमाणे जुनं भांडार पुसलं गेलं. तो नियम कोणी केला ते कोणालाच माहीत नव्हतं.

कळफलकावर बोटं ठेवून तो जुने बॅकअप शोधत राहिला. नव्वद दिवसांपलीकडचं काहीच नव्हतं. काचेच्या खोलीत मॅनेजर फोनवर हसत होता. ज्याने फक्त सांगितलं त्याचं नाव कुठल्याच ओळीला लागत नाही. सांगणाऱ्यांचं नाव लागेल असं भांडार अजून कोणी केलेलं नाही, आणि कोणी केलं तर ते वापरायची परवानगी मिळणार नाही. साडेअकराला त्याला दाढी आठवला; सगळा मजला त्याला याच नावाने हाक मारायचा. दाढी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर आठ वर्षं होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षात एकदा पाय मोडून तीन महिने घरी पडला होता, तेव्हा त्याने घरच्या संगणकावर सगळं भांडार उतरवून घेतलं होतं, आणि हे भांडार असं असतं की उतरवून घेतलेली प्रत्येक प्रत पूर्ण असते, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नावांसकट. दीड वर्षापूर्वी माणसं कमी केली तेव्हा दाढीकडून लॅपटॉप घेतला, ओळखपत्र घेतलं, कपाटाची किल्ली घेतली. घरच्या संगणकाचं कोणाला सुचलं नाही. त्या वेळी, दोघांपैकी कोणाला ठेवायचं, असा प्रश्न मॅनेजरने त्याला काचेच्या खोलीत विचारला होता. तो काहीच म्हणाला नव्हता. काहीच न म्हणणं हे उत्तर आहे हे त्याला बाहेर पडल्यावर दारातच समजलं होतं.

दाढीच्या घराकडे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीजवळ बसल्यावर बायकोचा फोन आला. "गॅसवाल्याचा तुला फोन आला का, विचारायला केला होता," ती म्हणाली. त्याने काय झालं ते सांगितलं. म्हणजे सांगता सांगता त्याचा आवाज चढला आणि पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं. "अरे, हळू," बायको म्हणाली. "तू भांडतोयस माझ्याशी का त्याच्याशी?" "कोणाशीच नाही." "मग उतरल्यावर ओरड. आणि जेवलास का?" त्याने फोन ठेवला. न केलेल्या गोष्टीबद्दल माणसाला शिक्षा होते हे त्याला माहीत होतं, पण न केलेली गोष्ट स्वतःच्याच हाताने स्वतःच्या नावावर करून घ्यायची, तीही कामाचा उरक दाखवायला, याला काही नाव नव्हतं. त्याला वडील आठवले. वडील घड्याळजी होते. घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला ते सुईने दोन अक्षरं आणि तारीख कोरत. त्यांच्या आधी ज्यांनी ते घड्याळ उघडलेलं असे त्यांच्याही खुणा तिथे असत, आणि भिंग लावून वडील आधी त्या वाचत, मगच यंत्राकडे वळत. "हा माणूस घाईचा," असं ते कुठल्या तरी अनोळखी खुणेबद्दल म्हणत, किंवा नुसतेच मान हलवत. कॉलेजच्या सुट्टीत एकदा त्याने एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचं झाकण आतून पॉलिश लावून लख्ख केलं. सहा खुणा होत्या. एकही राहिली नाही. वडील त्याला बोलले नाहीत. गिऱ्हाईक आल्यावर त्यांनी ते घड्याळ, व्यवस्थित टिकटिकणारं, त्याच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, "माझ्या मुलाने बिघडवलं. मजुरी नको." गिऱ्हाइकाने घड्याळ कानाला लावलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कानाला लावलं. त्या माणसाचा तो गोंधळलेला चेहरा आठवला की त्याला अजून वडिलांचाच राग येई. चालत्या घड्याळाला बिघडलेलं म्हणायचं! आता बसमध्ये त्याने तो राग नेहमीसारखा चाचपून पाहिला. तो जागेवर होता, पण कोणावर आहे ते सांगता येईना.

दाढी चौथ्या मजल्यावर राहायचा. दार वहिनींनी उघडलं. खोलीभर प्रिंटर होते, उघडे, पोटं बाहेर आलेले; टेबलावर, खाली, सोफ्याच्या हातावर. दाढी त्यांच्या मध्ये स्टुलावर बसला होता, बोटांना निळी-काळी शाई, आणि त्याने दाढी काढली होती. हनुवटी लहान निघाली होती. "ये," तो म्हणाला. "कुठेही बस, फक्त त्या पांढऱ्यावर नको, तो चावतो." मग त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "काढलं का तुलाही?"

"अजून नाही."

"मग चेहरा आधीच कशाला लावून आलास?"

त्याने सांगितलं. जितकं थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं तितकं थोडक्यात झालं नाही. वहिनींनी चहा ठेवला, पण आत गेल्या नाहीत; दारातच उभ्या राहिल्या. दाढीने कापसाने बोटं पुसली, कोपऱ्यातला संगणक चालू केला. "वेळ रिकामी असली तर, तीच ना?" दाढी म्हणाला. "ती माझी आहे रे. बघायलाही नको."

तरी त्यांनी पाहिलं. कमांड दिली आणि डाव्या बाजूला वेगवेगळी नावं आली, अकराच्या अकरा, काही विसरलेली, एक दुबईला गेलेला, एक वारलेला, आणि त्या गर्दीत दोनशे चौदाव्या ओळीपुढे दाढीचं नाव, सहा वर्षांपूर्वीची तारीख. आपण हसतोय हे त्याला कळलं आणि त्याने चेहरा सरळ केला, पण उशीर झाला होता. दाढीने पाहिलं होतं. "हस की," दाढी म्हणाला. "मोठा पल्ला गाठलास. आता जरा खाली वाच." बदलाबरोबर लिहिलेला मजकूर खाली होता. दाढीच्या नेहमीच्या तुटक मराठीत: वेळ रिकामी आली तर काय करायचं याचा नीट विचार झालेला नाही. सध्या जुनी धरली आहे. मला बरोबर वाटत नाही. बघून सांग. त्याच्या खाली मोकळी ओळ, आणि तिच्याखाली, तपासणाऱ्यासाठी ठेवलेल्या जागी, त्याचं स्वतःचं नाव आणि एक शब्द. चालेल. तपासायला पाठवल्याची वेळ पाच एकेचाळीस. चालेल म्हटल्याची वेळ पाच पंचेचाळीस. बदल तीनशे दहा ओळींचा होता.

त्याला ती संध्याकाळ आठवेना. त्याने मनात सगळीकडे पाहिलं. खुर्ची आठवली, तेव्हाची जुनी निळी, डावं चाक अडकणारी. खिडकीबाहेरचं बांधकाम आठवलं. दाढीचा डबा आठवला. तो शब्द लिहिल्याचं काही आठवलं नाही. तसा शब्द तो आठवड्याला वीसदा लिहायचा. चिडून आठवून पाहिलं, शांतपणे आठवून पाहिलं. चार मिनिटांत तीनशे दहा ओळी कोणी वाचत नाही, हे तो रोज नव्या पोरांना सांगत असे, आवाज चढवून, सगळ्यांसमोर. आणि आता त्याला राग आला तो दाढीचा. हे सहा वर्षं माहीत असून बोलला नाही म्हणून, बघून सांग असं इतक्या साध्या शब्दांत लिहिलं म्हणून, हनुवटी लहान आहे म्हणूनसुद्धा.

"माझं नाव टाक आणि मोकळा हो," दाढी म्हणाला. "मला काय फरक पडतो? मला आता काढणार कोण, हा प्रिंटर?"

"फरक कसा नाही पडत?" वहिनी दारातून म्हणाल्या. "सोमवारी मुलाखत आहे ना? तीही हॉस्पिटलांचंच काम करणारी कंपनी. ही माणसं एकमेकांना विचारत नाहीत असं वाटतं का तुम्हाला?"

"तू जरा थांब गं."

"दीड वर्ष थांबलेय." त्या त्याच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही; त्याला तो चढायला हवा होता. "भाऊजी, त्यांनी तुम्हाला विचारलं होतं की नाही? तुम्ही पाहिलं असं लिहिलंय ना तिथे? मग तुम्हीही पाहिलं होतं, एवढं लिहा. जास्त नको."

त्याने मान हलवली. होकार की नकार ते त्यालाही नीट ठरवता आलं नाही. दाढीने सगळी प्रत एका पेनड्राइव्हवर उतरवून दिली आणि तोडजोडची पहिली, चाळीस मिनिटांची आवृत्तीही त्याच प्रतीत आहे म्हणून दाखवली. जिन्यापर्यंत सोडायला आला. "चहा तसाच राहिला तुझा," तो म्हणाला. "नंतर म्हणू नकोस, मी पाजला नाही."

साडेतीनला तो खुर्चीवर परत आला. जुनी स्क्रिप्ट उघडली. सर्व्हरवर अहवालाचं जे नवं भांडार लागत होतं ते या प्रतीतून वेगळं काढायचं, मूळ नावांसकट, आणि हॉस्पिटलच्या उत्तरात त्यातला उतारा द्यायचा. साधं काम. चालवायचा हुकूम टाइप करून बोट शेवटच्या कळीवर ठेवलं आणि नजर तिसाव्या ओळीवर गेली. तिथे त्याची टीप होती: शेपट्या छाटा. दोन वर्षांपूर्वी, पहिल्यांदा लिहिताना, त्याने ही भर घातली होती आणि तिचा त्याला अभिमान होता. बदलाच्या मजकुराखाली मोकळी ओळ सोडून जे काही असे, तपासणाऱ्याचं नाव, तक्रारीचा क्रमांक, यंत्राने आपोआप चिकटवलेल्या नोंदी, ते सगळं कचरा म्हणून गळत असे आणि मजकूर कसा स्वच्छ दिसे. त्याला आत्ता काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, काही पुसायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं. स्क्रिप्ट आहे तशी चालवायची. ओळ दाढीच्या नावाने येईल, दाढीचा मजकूर येईल, आणि चालेल हा शब्द त्याच्याच दोन वर्षांपूर्वीच्या टापटिपीने वाटेतच गळून पडेल. कोणी विचारलं तर स्क्रिप्ट पहिल्यापासून अशीच आहे, आणि ते खरं होतं. इतक्या सोप्या सुटकेचा त्याला संताप आला. स्वतःचं सगळं आयुष्य बारीक घासून गुळगुळीत करत आणलं आणि ते नेमकं इथे येऊन थांबावं, पायाखाली आयता उतार. त्याने तिसावी ओळ पुसली. ती पुसताना त्याला चांगलं वाटलं नाही. दाढीच्या बायकोचा तो न चढलेला आवाज त्याला नको होता, सोमवारची मुलाखत नको होती, अतिदक्षता विभागातली ती बाई नको होती जिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने कळ दाबली. पडद्यावर पहिला बदल आला. चार हजार सातशेपैकी एक.

सव्वाचारला मॅनेजर आला. "अजून चालूच? काका, ते वीस सेकंदवालं लावा ना."

"ते वीस सेकंदवालं तुमच्या डोक्यात लावा!"

मजल्यावर लोकांनी कानातले हेडफोन काढले. मॅनेजरने हात वर केले, हसला, "ओके, ओके," म्हणाला आणि पाण्याच्या यंत्राकडे गेला. तिथून तो परत येईपर्यंत कोणी टाइप करत नव्हतं. चार चाळीसला स्क्रिप्ट संपली. त्याने उतारा काढला आणि खुर्ची बाजूला सरकवली, म्हणजे मॅनेजरला वाचता येईल. मॅनेजरने चष्मा वर सरकवला, आणि त्याचा चेहरा खुलला. "दाढी! अरे, मग झालंच की. तो तर गेलाच. काका, सुटलात तुम्ही. सुटलो आपण सगळेच."

"खाली वाचा."

मॅनेजरने वाचलं. पुन्हा वाचलं. आवाज खाली आणून म्हणाला, "हे खालचं येत नव्हतं ना आधी? म्हणजे, ही स्क्रिप्ट ते काढायची. तुम्हीच सांगितलं होतं मला एकदा."

"काढायची."

"मग काढता येईल. किती वेळ लागेल?"

"एका ओळीचं काम आहे."

"मग?" मॅनेजर वाट पाहत राहिला. तो कपटी माणूस नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं, आणि ते मिळत नाही म्हणून तो गोंधळला होता. "काका, त्यांनी विचारलेलं कोणी लिहिलं ते आहे ना? तेवढं द्या. तुमचं नाव गेलं तर मला तुम्हाला इथे ठेवणं अवघड होईल, हे मी आताच सांगतोय."

"कोणी तपासलं हेही विचारलंय त्यांनी."

उत्तराचा मसुदा त्याच्या पडद्यावर उघडा होता. त्याने उतारा चिकटवला, शेपटीसकट. मग खाली मोकळी जागा केली आणि टाइप करू लागला. ही ओळ सहा वर्षांपूर्वी लिहिली गेली. लिहिणाऱ्याने त्याच वेळी शंका नोंदवून मला विचारलं होतं. मूळ नोंदी चार महिन्यांपूर्वी माझ्याच हातून नाहीशा झाल्या. वर दिलेली प्रत लिहिणाऱ्यानेच जपली होती, आणि मागितल्यावर लगेच दिली. इथे तो थांबला. पुढचं वाक्य त्याने लिहिलं, पुसलं, आणि पुन्हा होतं तसंच लिहिलं. मी हा बदल चार मिनिटांत, न वाचता, चालेल म्हणून पुढे जाऊ दिला. राग कमी झाला नव्हता. चार वाजून छप्पन मिनिटं झाली होती. मॅनेजर खांद्यावरून वाकून एकेक शब्द वाचत होता, त्याचा श्वास कानाला लागत होता, आणि मग त्याचं बोट पुढे येऊन पडद्यावर टेकलं.

"हे 'न वाचता' कुठे लिहिलंय, काका? वर तर मला कुठेच दिसत नाही."

"कुठेच नाही," तो म्हणाला, आणि पाठवून दिलं.